दोनशे बारा ओळींत पाच वर्षं

रुग्णालयात त्यांना सगळे कुलूपकाका म्हणत. संगणक विभागातले ते सर्वांत जुने. कोणी पासवर्ड विसरलं, कोणाची फाईल उघडेना, की काकांना हाक. काका आधी यथेच्छ तोंडसुख घेत, मग काम करत.

दोन वर्षांपूर्वी मुख्य कार्यालयातून एक तक्ता आला. पुढेमागे क्वांटम संगणक नावाचं यंत्र आजची डिजिटल कुलपं सहज उघडेल. चोर आत्तापासूनच बंद पेट्या पळवून ठेवताहेत, किल्ली मिळेपर्यंत थांबायची त्यांची तयारी आहे. तेव्हा आपल्याकडे कुठे कोणतं कुलूप आहे आणि आतली माहिती किती वर्षं गुप्त राहायला हवी, ते लिहा. जिथे वर्षं जास्त, तिथलं कुलूप आधी बदलू.

"बाजारात तुरी," काका म्हणाले. पहिल्या ओळीत 'पाच वर्षं' लिहिलं आणि माउसने धरून खालपर्यंत ओढलं. चहा निवायच्या आत दोनशे बारा ओळी भरल्या. वर ही युक्ती चार जणांना कौतुकाने सांगितली.

परवा तपासणीसबाई आल्या, वयाने काकांच्या लेकीएवढ्या. खुर्ची ओढून बसल्या आणि एकेक ओळ वाचू लागल्या. पार्किंगचे पास, पाच वर्षं. पंख्यांची दुरुस्ती, पाच वर्षं. एकशे चाळिसाव्या ओळीवर थांबल्या.

"समुपदेशनाच्या नोंदी. याही पाचच वर्षं, काका?"

काकांनी वाकून ती ओळ वाचली.

"यांची प्रत रोज जुन्याच कुलपात बाहेरच्या साठ्यावर जाते. तुमच्या आकड्यामुळे हा विभाग सगळ्या रुग्णालयांच्या यादीत तळाला गेला. आता बदलू कुलूप. पण दोन वर्षांत कोणी काही उचललं असेल, तर ते परत येणार नाही."

बैल गेला आणि झोपा केला, असं दुसऱ्या कोणाला ऐकवायला काकाच पुढे असते. पण तक्ता आला त्याच सुमारास, बाळंतपणानंतर, त्यांची लेक त्याच विभागाच्या दारात अडून उभी राहिली होती. "बाबा, आत बोललेलं कोणाला कळणार नाही ना?" आणि काका छाती काढून म्हणाले होते, "अगं, कुलूप मी घातलंय."

"अहवालात तुमचं नाव घालत नाही मी," बाई हळूच म्हणाल्या. "दुरुस्त करून द्या फक्त." काकांचे कान तापले. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी गेले तेव्हा लेक कपड्यांच्या घड्या घालत होती. नात सतरंजीवर डबे आपटत होती. न सांगता निभलं असतं. काकांनी खाली मान घालून सगळं सांगितलं, माउस ओढल्याचंही.

लेकीचा हात थांबला. "तक्ता भरला तेव्हा मी आजारीच होते. माझी आठवण नाही झाली?"

"नाही."

 तिने आणखी दोन फ्रॉक घडी करून ठेवले. काकांना लाजेने तिथे बसवेना आणि उठवेनाही. शेवटी त्यांनीच विचारलं, "आता किती वर्षं लिहू?"

"मी आहे तोवर," ती म्हणाली. मग सतरंजीकडे बघून म्हणाली, "नाही. ही आहे तोवर. हिच्याबद्दल काय काय बोलले होते मी तिथे."

नात डबा टाकून काकांकडे दुडुदुडु धावत आली आणि घे म्हणून तिने हात वर केले. तिला उचलायचा त्यांना धीर झाला नाही.