इमासिकूंनी केलेली नक्कल

बो इमासिकू वामुन्यिमा आमच्या मिशन हॉस्पिटलातले कॉम्प्युटरवाले; 'बो' आमच्याकडे आदराने नावाआधी लावतात. त्याआधी वीस वर्षं ते क्षयरोग विभागात रजिस्टर लिहायचे. कोण कुठल्या गावचा, कितव्या महिन्याच्या गोळ्या चालू आहेत, घरात आणखी कोण खोकतंय, सगळं तोंडपाठ. मग राजधानीतल्या, लुसाकाच्या एका संस्थेने सर्व्हर आणून बसवला, बो इमासिकूंना तीन आठवडे शिकवलं आणि ती माणसं निघून गेली. मी त्यांच्या खोलीला लागून असलेल्या औषधांच्या खिडकीवर असे. म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

सर्व्हर म्हणजे एकच पेटी, पण तिच्या पोटात तीन वेगळी यंत्रं असल्यासारखी चालायची: एक रुग्णांच्या नोंदींचं, एक प्रयोगशाळेचं, एक माझ्या औषधांचं. नोंदी मोठ्या डिस्कवर असत. पण ही पेटी सुरू व्हायची ती आत खोचलेल्या बोटाच्या पेराएवढ्या पेनड्राइव्हवरून. एकदा सुरू झाली की तिला त्याची फारशी गरज लागत नसे. त्यामुळे तो पेनड्राइव्ह शेवटच्या घटका मोजतोय हे बो इमासिकूंशिवाय कुणाला कळलंच नाही. मार्चमध्ये पडद्यावर लाल ओळी येऊ लागल्या, तेव्हा ते हॉस्पिटल चालवणाऱ्या सिस्टर नामाकाऊंकडे गेले.

"सिस्टर, पेटी चार तास बंद करू द्या. पेनड्राइव्हची हुबेहूब नक्कल करून ठेवतो."

"आत्ता चालतंय ना?"

"चालतंय. पण बंद पडलं तर परत उठेल याची खात्री नाही."

"मग आपणहून बंद कशाला करता?"

ते परत आले आणि माझ्या खिडकीशी उभं राहून त्यांनी मला हे सांगितलं.

तीन आठवडे रोज विचारल्यावर सिस्टरनी रविवारच्या प्रार्थनेनंतरचे दोन तास दिले. बो इमासिकूंनी जवळच्या मोंगू शहराच्या बाजारातून नवा पेनड्राइव्ह आणला. वर बत्तीस जीबी लिहिलेलं, जुना सोळाचा. त्यांनी पेटी बंद केली, जुना काढला आणि दोन्ही लॅपटॉपला लावून नक्कल सुरू केली. टक्क्यांचा आकडा चाळीसवर अडला. ते पुटपुटत होते, "चल रे, चल." मग तो हलला. दीड तासाने शंभर झालं. त्यांनी माझ्याकडे बघून दोन्ही हात जोरात चोळले.

नवा पेनड्राइव्ह खोचला. पेटी सुरूच होईना. पुन्हा काढून लॅपटॉपवर तपासला, तेव्हा कळलं की बत्तीस हा नुसता छापलेला आकडा. आत जागा जेमतेम चारची. त्यापुढचं सगळं त्याने गिळून टाकलं होतं आणि वर 'झालं' म्हणून सांगितलं होतं.

तेवढ्यात सिस्टर दारात आल्या. "झालं का? बाळंतिणींच्या वॉर्डातून दोनदा विचारून गेले."

"सिस्टर, अजून एक तास. लॅपटॉपवर जागा करतो आणि तिथेच एक प्रत..."

"बो इमासिकू, दोन तास ठरले होते आपले."

त्यांनी जुना पेनड्राइव्ह परत खोचला. दोनदा काही झालं नाही. तिसऱ्यांदा पेटी उठली. सिस्टर म्हणाल्या, "बघा, चालतंय की!" आणि गेल्या. बो इमासिकूंचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

चांगला पेनड्राइव्ह लुसाकाहून मागवला. तो पोचायच्या आधीच, लोडशेडिंग चालू असताना एका सकाळी बॅटऱ्यांनी मान टाकली. वीज आली, पण पेटी काही उठली नाही. त्यांनी तो पेनड्राइव्ह काढला, पुसला, पुन्हा खोचला, लॅपटॉपला लावला. लॅपटॉपला तो दिसेचना. चौथ्या दिवशी होडीतून लुसाकाचं पार्सल आलं. बो इमासिकूंनी नवाकोरा पेनड्राइव्ह हातात घेतला. आता नक्कल करायची तरी कशाची?

संस्थेचा लुसाकाचा माणूस फोनवर म्हणाला, पुरात गेलेला रस्ता सुकला की येतो. आम्ही कागदावर आलो.

त्याच आठवड्यात न्दाते सिलुमेसी आले, क्षयाच्या गोळ्या घेणारे एक म्हातारे; न्दाते म्हणजे बाबा. दरवर्षी नदीच्या पुराखाली जाणाऱ्या मैदानातल्या एका उंचवट्यावर त्यांचं घर. पुराच्या दिवसांत हॉस्पिटलला यायला होडीतून दीड दिवस लागे. वाटेत होडी कलंडली होती आणि गोळ्यांचं कार्ड पाण्यात गेलं होतं.

"काही बिघडत नाही," ते म्हणाले. "इमासिकू आहे ना. त्याला माझं सगळं माहीत असतं."

मी बो इमासिकूंना बोलावलं. म्हाताऱ्याने टाळ्या वाजवून रीतीप्रमाणे नमस्कार केला. "सांग बाबा, माझा कितवा महिना?"

बो इमासिकूंनी उलट विचारलं, "न्दाते, तुम्हाला काही आठवतं?"

"दोनदा पाकीट बदललं. नाही, तीनदा. अरे, हे मी कशाला लक्षात ठेवू? तू ठेवायचास."

"ठेवायचो," बो इमासिकू म्हणाले. "यंत्र आल्यापासून सुटलं."

"म्हणजे तुझ्याही डोक्यात पाणी शिरलं म्हण की!" म्हातारा एकटाच हसला.

डॉक्टरांनी जोखीम नको म्हणून उपचार पहिल्यापासून सुरू केले. सुरुवातीच्या त्या जहाल गोळ्यांनी न्दाते सिलुमेसींचे सांधे धरत आणि अन्नावरची वासना उडे; हे त्यांनी एकदा भोगलं होतं. मी दिलेलं दोन महिन्यांचं पाकीट त्यांनी कोटाच्या आत ठेवलं.

सात आठवड्यांनी लुसाकाचा माणूस आला. त्याने नव्या पेनड्राइव्हवर सगळं पहिल्यापासून बसवलं आणि डिस्कवरची ती तीन यंत्रं जोडली. संध्याकाळपर्यंत सगळ्या नोंदी जशाच्या तशा दिसू लागल्या. सिस्टरनी त्याच्यासाठी कोंबडी शिजवायला सांगितली. जाण्याआधी त्याने बो इमासिकूंना नक्कल करून दाखवली आणि म्हणाला, "हे एवढंच तर करायचं होतं."

"हो," बो इमासिकू म्हणाले.

सगळ्यात आधी त्यांनी न्दाते सिलुमेसींची नोंद उघडली. होडी कलंडली त्या दिवशी त्यांच्या सहा महिन्यांच्या उपचाराचे फक्त एकोणीस दिवस उरले होते.

मैदानात निरोप पोचवायची सोय नव्हती. म्हातारा पुढच्या महिन्यात आला तो काठी टेकत, गालफडं बसलेली. बो इमासिकूंनी त्यांना बाकावर बसवलं, समोर गुडघ्यांवर बसले आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे मी बरा होत आलो होतो?"

"हो, न्दाते."

"आणि हे सांधे उगाचच?"

"उगाचच."

उरलेले दिवस एव्हाना केव्हाच भरले होते, म्हणून डॉक्टरांनी त्यांच्या गोळ्या थांबवल्या. दुपारी बो इमासिकू त्यांची पिशवी घेऊन धक्क्यापर्यंत सोबत गेले, मीही गेले. होडीत बसताना म्हाताऱ्याने विचारलं, "ती पेटी आता बंद पडणार नाही ना?"

बो इमासिकूंनी पिशवी त्यांच्या पायांशी ठेवली. "सांगता येत नाही, न्दाते."

"मग पुढच्या वेळी मीच लक्षात ठेवीन," म्हातारा म्हणाला, आणि नावाड्याला निघायची खूण केली.