बारा महिने चालणारी डाळमिल

पोळ्याच्या सुट्टीत नवऱ्यानं डाळमिलचा प्रोजेक्ट रिपोर्ट माझ्यासमोर ठेवला. दारव्ह्याच्या शाळेतली कारकुनाची पक्की नोकरी सोडून, सारा फंड घालून, हा माणूस तूर भरडणार होता. घरात दोन लेकरं शिकत होती.

रिपोर्टात मिल बारा महिने चालत होती. तो लिहिणाऱ्या एजंटालाच मी गाठलं.

"तूर येते होळीपर्यंत. बाकी वर्षभर काय भरडू, आमची डोकी?"

तो हसला. "वहिनी, रिपोर्ट बँकेसाठी असते. कर्ज मंजूर होईल असा लिहा लागते."

"अन् आमच्यासाठी कोणता असते?"

तो चहा सांगायला उठला. भीती अशी होती, की बँकेसाठी लिहिलेलं माझा नवरा खरं मानून बसला होता.

आमच्याकडं मिल पाहायला जातात ते उद्घाटनाला. नारळ, पेढे, मशीनची घरघर, सगळं झकास! मी म्हटलं, आता भादव्यात दाखवा मले एक चालू मिल. नवरा कुरकुरत तयार झाला. निघायच्या दिवशी शाळेत तोंड दाखवून येतो म्हणाला, अन् स्टँडवर उशिरा आला. मी त्याला चांगलंच झापलं.

जीपा बदलत फुलसावंगीला पोचलो. तिथल्या मिलला कुलूप. मालकानं उघडून दाखवलं, तर मशीनवर कोंबड्या बसल्या होत्या.

"वर्षभर चालवाची तर हंगामातच तूर भरून ठेवा लागते," तो म्हणाला. "तेवढं भांडवल कोणाजवळ आहे? मोठे मिलवाले सारी उचलून नेतात."

"तुमच्या रिपोर्टात किती महिने होते?"

"बाराच की."

परतीच्या जीपमध्ये बसल्याबरोबर मी सुरू झाले. "पाहिलं? म्हणत होती का नाही मी?"

नवरा खाली पाहत होता. "सकाळी शाळेत गेलतो ना," तो हळूच म्हणाला, "राजीनामा ठेवून आलो. हेडमास्तरच्या टेबलावर."

माझा राग कुठल्या कुठं गेला. "त्यायनं वाचला?"

"ते आले नव्हते. चारपर्यंत येतील, शिपाई म्हणाला."

ड्रायव्हर बाहेर उभा राहून ओरडत होता, अजून चार सवाऱ्या पाहिजेत, मग निघू.

"चारही सीटचे पैसे मी देते, बापा," मी म्हटलं, "पण आता गाडी काढ."