डावीकडे एक, उजवीकडे एक

नागपूरहून बंगळूरला नोकरीला आले तेव्हा कंपनीने माझी डिग्रीची मूळ सर्टिफिकेटं ठेवून घेतली. दोन वर्षं नोकरी सोडायची नाही असा बॉन्ड होता, आणि तो पुरा होईपर्यंत ती साहेबांच्या केबिनमधल्या लोखंडी कपाटात राहणार होती. तेव्हा बऱ्याच ठिकाणी ही पद्धत होती, म्हणून मी फारसा विचार न करता सही केली. विचार नंतर सुरू झाला.

ऑफिस इंदिरानगरात एका बंगल्याच्या तळघरात होतं. एसी कॉम्प्युटरसाठी असायचा. आम्ही स्वेटर घालून बसायचो. मला वाटलं होतं, आपण प्रोग्रॅम लिहू. काम निघालं ते तपासणीचं. परदेशातल्या एका विमा कंपनीच्या पॉलिसी जुन्या सॉफ्टवेअरमधून नव्यात नेल्या होत्या, त्या नीट गेल्यात का, एवढंच पाहायचं. स्क्रीनवर जुनी काळी विंडो आणि नवी करडी विंडो. मॉनिटर इतका लहान की एक उघडली की दुसरी झाकली जायची. मग माऊसने ती बाजूला ओढा, कडा धरून अरुंद करा, आकडे ताडून पाहा. पुढची पॉलिसी उघडली की दोन्ही पुन्हा मनाला येईल तिथे. कॉम्प्युटरमध्येच सगळ्या विंडो ओळीने लावायची सोय होती, पण ती उघडं असेल ते सगळंच मांडायची आणि प्रत्येकीच्या वाट्याला एक चिंचोळी पट्टी यायची.

माझ्या शेजारी बेळगावची एक मुलगी बसायची. बनशंकरीला आम्ही एकाच खोलीत राहायचो. माऊस ओढून ओढून तिचं उजवं मनगट सुजलं होतं. सकाळी तिची वेणी मी घालून द्यायचे, कारण तिला हात मागे नेता येत नव्हता. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती. साहेबांनी बॉन्डची आठवण करून दिली होती.

मग जेवणाच्या सुट्टीत मी एक छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला. कंट्रोल, आल्ट आणि डावा बाण दाबला की समोरची विंडो बरोबर डाव्या अर्ध्या भागात जायची, उजवा दाबला की उजव्या. माऊसला हात लावायचा नाही. चालायला लागला तेव्हा मी तिला बोलावलं.

तिने डाव्या हाताने दाबून पाहिलं. पुन्हा पाहिलं. "हे आधी का नाही केलंस गं?" ती म्हणाली. "स्वल्प लवकर केलं असतंस तर माझा हात तरी वाचला असता की."

आठवड्याभरात तो सगळ्यांच्या मशीनवर गेला. काम भराभर होऊ लागलं, चहाला निवांत बसता येऊ लागलं. ते साहेबांच्या लक्षात आलं. त्यांनी मला बोलावून नेहमीसारखी हिंदीत शाबासकी दिली आणि सोमवारपासून प्रत्येकाचा रोजचा कोटा वाढवला. त्या दिवशी कुणी माझ्याशी धड बोललं नाही. तिचा हात पुन्हा सुजला. माऊस सुटला होता, पण आता कोट्यापायी कीबोर्ड बडवणं वाढलं होतं.

"तुझा राग नाही," ती खोलीवर म्हणाली. "पण इथून जायला पाहिजे मला. नाहीतर हा हात कामातनं जाईल."

पुढे त्या विमा कंपनीची माणसं ऑफिस पाहायला आली आणि त्यांना तो प्रोग्रॅम आवडला. त्यांच्याकडच्या मशीनवरही हवा, असं म्हणाले. साहेबांनी मला केबिनमध्ये बसवलं. एरवी आम्ही उभ्याच असायचो.

"नीट करून दे. सेटअप, सूचना, सगळं."

"देते," मी म्हणाले. "पण तिला सोडा. सर्टिफिकेटं परत देऊन."

त्यांनी कपाटाकडे पाहिलं. मग म्हणाले, "तिला सोडतो. तू आणखी एक वर्ष थांब. हे सांभाळणारं कोणीतरी पाहिजे."

घरी विचारून सांगते, असं म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. तिथेच सही केली. संध्याकाळी एसटीडी बूथवरून बाबांना सांगितलं. "तुला कुणी सांगितलं होतं?" त्यांनी विचारलं. मीटर पळतंय म्हणून मी फोन ठेवला. खरं तर मलाही घरीच जायचं होतं.

ती गेली त्या सकाळी मी तिची वेणी घातली. रिक्षात बसताना तिने सर्टिफिकेटांची पिशवी छातीशी धरली होती. "सरी, येते," ती कानडी वळणाने निरोप घेत म्हणाली, आणि मग, "तू पण ये लवकर." पुढे बेळगावात तिचा हात बराचसा सुधारला.

मी तळघरातच राहिले. त्या वाढीव वर्षात आणखी दोन-तीन छोटे प्रोग्रॅम लिहिले. एकाने हवी ती विंडो कायम वर राहायची, एकाने एका फटक्यात सगळ्या खाली जायच्या आणि स्क्रीन मोकळा व्हायचा. चांगले होते, म्हणजे कोटा पुन्हा वाढण्याइतके. म्हणून साहेब पायऱ्यांवरून उतरताना दिसले की मी ते बंद करायचे, माऊस हातात घ्यायचे आणि विंडोची कडा धरून सावकाश ओढत बसायचे.