पंचफुलाबाईच्या शेडातलं पेट्रोल

पंचफुलाबाईनं आग लावली, असं बिनधास्त बोलता. पण तिच्या शेडात पेट्रोल कोणाचं होतं, हे एकदा तरी विचारलं का?

पंचफुलाबाई इंगळे म्हणजे डोणगावात शाळेची खिचडी शिजवणारी बाई. नवरा गेल्यावर पोराच्या मोटरसायकलसाठी तिनं घराला लागून पत्र्याचं शेड उभारलं. पोरगा कामाला चाकणला गेला, गाडीही घेऊन गेला. रिकाम्या शेडात तिनं पाणी तापवायचा बंब मांडला.

शेजारचा भागवत आला. "ताई, माही गाडी उन्हात उभी राह्यते. तुह्या शेडात लावू का?"

"लाव ना. पण इथं बंब पेटते. पेट्रोलचा डबा आणशीन, तं गाडीसगट बाहीर फेकीन!"

"मी काय येडा आहो काय, ताई?"

ह्याच भागवतच्या बायकोची दोन्ही बाळंतपणं पंचफुलाबाईनं काढली, शेकशेगडीसकट. तिनं किल्ली दिली.

फवारणीचे दिवस आले. पेट्रोलवरचे फवारणी पंप घरोघरी झालेत, आणि शेताच्या वाटेवरच बाटली मिळाली तर कोणाला नको? भागवतनं मेहकरहून पेट्रोल आणलं, गोडेतेलाच्या जुन्या कॅनांत भरलं, झाकणं ढिली. शेडात जनावरांच्या ढेपीची आपली पोती रचली, त्यांमागं कॅन लपवून बाटल्या विकायला लागला. बाई दिवसभर शाळेत. वास आला तेव्हा तिनं विचारलंच.

"टाकी पाझरून राह्यली ताई. मिस्त्रीले दाखवतो उद्या."

बाईला पटलं. भाऊच तो!

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती वर जात नाही. जमिनीलगत पसरते, बंद जागेत साचते आणि सरपटत विस्तव गाठते. भागवतला हे माहीत नव्हतं, असं मला सांगू नका. स्वतःच्या घरात त्यानं एक थेंब ठेवला नव्हता.

सकाळी बाईनं बंब पेटवला. जाळ फरशीवरून पळत पोत्यांकडं गेला. तिचे दोन्ही हात भाजले. भागवत धावला, तो आधी गाडी काढायला. मग गर्दीसमोर म्हणतो कसा, "किती डाव सांगतलं बाईले, बंब इथं नोको पेटवू!"

आणि तुम्ही माना हलवल्या. ज्यांच्या पंपात त्याच शेडातलं पेट्रोल होतं, त्यांनीही!

दवाखान्यात बाई मला म्हणाली, "हाताचं जाऊ दे, कातडी येईन. पण त्याच्या बायकोनंबी तोंड फिरवलं. काऊन रे बापू?"

माझ्या तोंडी फक्त शिवी आली.

आता शाळेतले म्हणतात, जिला घरचा विस्तव सांभाळता येत नाही, तिच्या हाती पोरांची चूल कशी द्यायची? तेवढंच काम तिचं पोट, तीच तिची पत. सोमवारी समिती बसणार आहे. भागवत तिथंही तेच बोलणार, शपथ घेऊन बोलणार.

पोलिसांचं लचांड मागं लागेल म्हणून गप्प आहात, हे कळतं मला. बाटलीत पेट्रोल नेणं चूकच. पण ती चूक झाकायला एका बाईची भाकर जाळू नका. ज्यांनी ज्यांनी त्या शेडातून बाटली नेली, त्यांनी सोमवारी शाळेत या, आणि पंचफुलाबाईसमोर, भागवतसमोर उभं राहून मोठ्यानं सांगा, पेट्रोल कोणाचं होतं ते.