साडूचा खोका आणि आईचे शब्द

जी वस्तू ज्या कामासाठी बनवलेली आहे त्याच कामाला ती वापरणं माझ्या साडूला अपमानास्पद वाटे. कांदिवलीच्या त्यांच्या घरात कुकरच्या डब्यात सोल्डरिंगची तार असे आणि मुलासाठी कधीकाळी आणलेल्या व्हिडिओ गेमच्या काळ्या खोक्यात लिनक्स, म्हणजे संगणक चालवणारी फुकट प्रणाली. मुलगा मोठा होऊन कॅनडाला गेला, खोका टीव्हीखालीच राहिला. "ह्याला खेळापुरता बांधून घातला होता," ते अभिमानाने सांगत, "मी सोडवला."

हे सोडवणं पाहण्यासारखं होतं. गाड्यांच्या शर्यतीचा एक खेळ लावायचा आणि जतन केलेला डाव उघडायचा. तो डाव त्यांनी मुद्दाम असा बिघडवला होता, की खेळ अडखळे आणि त्या फटीतून लिनक्स आत शिरे. खेळाच्या सीडीवर चरे पडलेले. ती अडली की झाकणावर नेमक्या जागी अंगठा दाबायचा. ती जागा त्यांच्या अंगठ्यालाच ठाऊक. म्हणून एकदा सुरू झालेला खोका ते महिनोन्‌महिने बंद करत नसत. टीव्हीही त्यालाच जोडलेला. त्यामुळे अक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझी थोरली मेहुणी, मालिका बघायला शेजारी जाई.

त्या खोक्यात ते आपल्या आईचे मालवणी शब्द टिपून ठेवत होते. 'वायच' म्हणजे थोडं, एवढ्यावर त्यांचं भागत नसे. आई पाहुण्याला 'वायच बस' कशी म्हणे आणि हट्टी पोराला कशी, हेही खाली लिहिलेलं. मी ग्रंथपाल, पण ते मला मास्तर म्हणत.

"मास्तर, येऊन वाच ना रे एकदा."

"छापून द्या. टीव्हीवर कोण वाचतं?"

"छापलं की संपलं. मला रोज नवा आठवतो."

"मग लॅपटॉपवर एक प्रत तरी ठेवा."

"तुका काय कळता? लॅपटॉपवर कोणीही करील! बरं, निदान सुरू करायला शिक. उद्या मी गेलो तर?"

"तर मी काय, गाड्यांची शर्यत खेळत बसू?"

ते खो खो हसले. मलाही माझ्या विनोदाचं कौतुक वाटलं.

गेल्या वर्षी ते गेले, जेवता जेवता. मुलगा कॅनडाहून येईपर्यंत दोन दिवस ठेवायचं होतं, म्हणून काचेची थंड पेटी मागवली. "पॉइंट कुठंय?" पेटीवाल्याने विचारलं. घराची माहिती असलेला मीच. टीव्हीखाली वाकून मी एक प्लग काढला आणि पेटीचा लावला. खोक्यातला पंखा थांबला. लोकांना चहा हवा होता, मी आत गेलो.

तेराव्याला मुलाने विचारलं, "काका, बाबांचे शब्द?" तेव्हा कुठे मला कळलं, मी काढलेला प्लग कशाचा होता ते. आम्ही दोघांनी ते झाकण सगळीकडे दाबून पाहिलं. सीडी अडली ती अडलीच. गोरेगावच्या दुरुस्तीवाल्याने सांगितलं, आतली डिस्क ह्या खोक्याशीच कुलूपबंद आहे, दुसऱ्या यंत्रात उघडणार नाही. मला त्यांचा संताप आला. एक प्रत ठेवायला काय झालं होतं ह्या माणसाला? पुढचा प्रश्न मला उद्देशून होता: तो प्लग कोणी काढला? त्याचं उत्तर मी अजून कोणाला दिलेलं नाही.

आता रविवारी मी वही घेऊन अक्काकडे जातो. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. तिला फार आठवत नाहीत, मी हळू लिहितो. परवा ती तांदळाची घावनं घालत होती. पहिलंच बिडाच्या तव्याला चिकटलं आणि मोडलं.

"असल्या मोडक्या पहिल्या घावनाला सासूबाईंचा एक शब्द होता," ती म्हणाली. "घरातल्या धाकट्याला द्यायच्या ते. ह्यांनी लिहिलाही होता."

"कोणता गं?"

ती उलथन्याने तवा खरवडू लागली. मग आठवत नाही म्हणून मान हलवली.

मी उजवीकडे अर्थ लिहिला आणि डावीकडची जागा मोकळी ठेवली. अक्काने ते तुकडे गोळा करून माझ्या ताटात वाढले.