मिस्त्रीण

गोंडपिपरीच्या बसस्टँडजवळ माहं फटफट्या दुरुस्त कराचं गॅरेज हाय. पाटीवर नाव माहं, लटारू मिस्त्री. पण गाडी बिघडली की लोक विचारत, "मिस्त्रीणबाई हाय का?" म्हणजे माही बायको, रंजीता. इंजिनाले कान लावे अन् सांगे, कार्बोरेटरात कचरा हाय. कधी चुके नाई. मी आपला मिशीवर ताव देत बसो.

बारा वर्षं तिनं गाड्यायचे पार्ट पेट्रोलात धुतले, उघड्या हातानं. टाकी खाली कराची तं नळी तोंडानं ओढे, थुके अन् पुन्हा कामाले लागे. हाताची चामडी पांढरी पडून फाटे. एकदा म्हणाली, "रबराचे मोजे आणा ना जी." मी हासलो. "मोजे घालून डॉक्टरीण व्हाचं हाय का?" गिऱ्हाईकंबी हासले. तिनं पुन्हा नाव काढलं नाई.

मागच्या उन्हाळ्यात तिचा ताप उतरेना, अंगावर निळे डाग पडले. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात रक्त तपासलं. रक्ताचा कॅन्सर निघाला. रंजीता ग्लानीत होती, म्हणून डॉक्टरीणबाई कागद घेऊन मलेच विचारू लागल्या. आधी कधी किमो, रेडिएशन? बिडी-तंबाखू? रंग, थिनर, पेट्रोलचं काम?

"नाई जी," म्हणलो, "घरीच असते."

अन् पाहा, खोटं बोलाले मले विचारबी करा लागला नाई. बँकेत, रेशनकार्डावर, सगळीकडे मी तिच्याबद्दल हेच सांगत आलो होतो.

माही माय गुणाबाई म्हणे, "थ्या मोबाईलच्या टावरानं झालं बाप्पा." मी मोठ्यानं हव म्हणो. लाज नाई वाटली! टावर काई बोलाले येत नाई ना.

आठ दिवस असेच काढले. मंग एकटाच डॉक्टरीणबाईकडे गेलो अन् सारं ओकलो. शिव्या खाले गेलो होतो खरं म्हणजे. त्या शांतपणे म्हणाल्या, "पेट्रोलमध्ये बेंझिन असतं. वर्षानुवर्षं ते श्वासात, कातडीत गेलं तर या आजाराचा धोका वाढतो. पण असं काम करणाऱ्या बहुतेकांना हा आजार होत नाही, आणि ज्यांना होतो त्यातल्या पुष्कळांनी कधी पेट्रोलला हातही लावलेला नसतो. रंजीताताईंना कशानं झाला, हे कोणीच छातीठोक सांगू शकणार नाही." त्यायनं कागदावरचं खोडून नीट लिवलं. इलाज तोच राहीन म्हणाल्या. थोबाडीत मारली असती तं बरं वाटलं असतं.

रंजीताचा ताप उतरल्यावर तिलेबी सारं सांगतलं. मोज्यायचं, पेट्रोलाचं, कागदाचं. तिचे पाय धरले.

"पेट्रोलाचं जाऊ द्या जी," ती म्हणाली. "तुमाले तरी कुठी मालूम होतं?"

मले एकदम मोकळं वाटलं. मेल्याले मोकळं वाटलं!

मंग तिनं विचारलं, "कागदावर पहिले काय लिवलं होतं म्हणता?"

"घरीच असते."

"बारा वर्षं राबली मी तुमच्यासंगं. अन् त्याच आठ दिवसात मेली असती, तं माह्या नावापुढं थेच राह्यलं असतं ना जी?"

हव. थेच राह्यलं असतं.