ही कोण तुमची?

कांदा फोडला की नवीन पनवेलची ती भाजीगल्ली आठवते. आमच्या ह्यांना भर बाजारात फिट आली होती. कुणीतरी कांदा फोडून नाकाला लावला. हे उठले ते थेट धावत्या गाड्यांमध्येच चालू लागले. मी शर्ट धरून मागे ओढलं, तर मलाच ढकलायला लागले.

भाजीवालीने माझ्याकडे संशयाने बघत विचारलं, "दादा, ही बाई कोन हाय तुमची?"

"माहीत नाही," हे म्हणाले.

लोक माझा हात सोडवू लागले. पण हे भानावर येईपर्यंत मी शर्ट सोडला नाही.

घरी आल्यावर ह्यांना यातलं काहीच आठवेना. पण आजही मी कांदा चिरत असताना हे माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले, की मी सुरी खाली ठेवते आणि विचारते, "सांगा बघू, मी कोण?"